भूकंपात आटलेल्या आडाचं पाणी

लातूरला क्लाससाठी आलेल्या आम्हा मुलांच्या होस्टेलवर एक टँकरवाले मामा पाणी आणायचे. कॉक सोडण्याआधी ओंजळभर पिऊन डोळे मिटायचे. भूकंपात त्यांच्या गावचा आड आटला होता. ते म्हणायचे, "पाणी मरत न्हाई. वाफ होतं, ढग होतं, फिरून येतं. आमचं बी येईल."

परीक्षेच्या सकाळी ते प्यायले आणि ओरडले, "आलं! आमच्या आडाचं! ह्यानं अंघोळी करू देणार न्हाई!"

आम्ही बादल्या घेऊन उभे. मी चाचरत म्हणालो, "मामा, शुद्ध पाण्याला चव नसते."

"पिऊन बघ की."

प्यायलो. काहीच लागलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोड आहे," मी म्हणालो.

"आता त्याची चव दोघांना ठाव हाय. जाऊ दे फिरायला," म्हणत त्यांनी कॉक सोडला.