मागचे दोन स्पीकर

वसईजवळच्या गिरीज गावात, वाडीतल्या एका घरात मी भाडेकरू म्हणून आलो, पण भाडेकरूसारखं मला कुणी वागवलं नाही. मी नांदेडकडचा, नववीत शाळा सुटलेली, वसईत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला. घरमालकीण मावशी माझं ताट झाकून ठेवायच्या. काका संध्याकाळी ओट्यावर असायचे, मी आत शिरलो की म्हणायचे, "दार लोट रे." वर्ष व्हायच्या आत ते गेले.

पुढं त्यांचा मुलगा आखातातून सुट्टीवर आला आणि म्हणाला, "होम थिएटर घ्यायचंय. तू त्यातलाच ना? तूच निवड." या घरचं इतकं खाल्लेलं, वस्तू फसली तर तोंड कसं दाखवायचं? पैसे बेताचे, कारण कौलंही बदलायची होती. तेवढ्या पैशांत एकतर नावाजलेल्या कंपनीचा दोन मोठ्या स्पीकरांचा स्टिरिओ येत होता, नाहीतर इथंच जुळवलेला पाच स्पीकरांचा सेट. मुलाला पिक्चर चारी बाजूंनी ऐकायचा होता. नाही पटला तर बदलून देईन, असा दुकानदाराचा शब्द घेऊन मी जुळवलेला सेट आणला. तीन स्पीकर टीव्हीपाशी लावले, दोन मागच्या भिंतीला, क्रुसाच्या अल्याडपल्याड.

पिक्चर छान वाजला. मग वालाच्या शेंगा सोलत मावशी म्हणाल्या, "याच्यावर कॅसेट लागते का? ताईच्या लग्नातली लाव."

ताई म्हणजे त्यांची लेक. ती कॅसेट काकांनी स्वतः भरलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका गात होत्या, टेबलावर रेडिओ-टेपचा टू-इन-वन ठेवलेला. घरात ती कितीदा वाजली असेल. मी टेप सेटला जोडला. बायकांची गाणी पुढून येऊ लागली.

आणि मागून कुणीतरी खोकलं.

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. मागं भिंत, क्रूस, मेणबत्ती. मग गुणगुणणं सुरू झालं, बायकांच्या अर्धी ओळ मागं, बेसूर. मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग स्पष्ट, अगदी मानेजवळ:

"दार लोट रे, मांजर आत येतंय."

मी उठलो. दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला, तेव्हा कळलं की दार लोटलेलंच आहे.

परत येऊन मी समजावून सांगितलं. टू-इन-वनला दोन माइक असतात. दोन्हींत सारखा आलेला आवाज हा सेट पुढं ठेवतो, एकातच आलेला मागं ढकलतो. काका टेपच्या एका अंगाला बसले असणार. इतकी वर्षं ते गाण्यांखाली दबून होते, एवढंच.

"एवढंच," मुलगा म्हणाला. "आता फादरना बोलवून पाणी शिंपडायचं की काय?" कुणी हसलं नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या बदलून आण. दोन स्पीकरांचा."

"त्याच्यात काका ऐकू येणार नाहीत, दादा."

"म्हणूनच. मी चाललो परत. आई एकटी रोज हे लावून रडत बसेल."

त्याचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मीही त्या रात्री अंथरुणावर पाठ भिंतीला टेकवूनच पडलो.

सकाळी सेट परत भरायला रिकामा खोका आणि थर्माकोल घेऊन आलो, तर मावशींनी आपली खुर्ची फिरवलेली. टीव्हीकडं पाठ, क्रुसाकडं तोंड.

"सबंध लग्नभर मी यांना सांगत होते, गप बसा, सूर लागत नाही तुमचा," त्या म्हणाल्या. "ऐकतील तर ना." मग माझ्या हातातल्या खोक्याकडं बघून, "तो माळ्यावर टाक. पायात येतोय."

मुलगा उठला. कौलांचं बघायला निघून गेला.

माझी आई मी इकडं असतानाच गेली. आमच्याकडं टेप नव्हता. तिचा आवाज आता मला नीटसा आठवतही नाही. ती म्हणायची ती ओवी आठवते, आवाज नाही. म्हणून असेल, मावशी कॅसेट लावायच्या तेव्हा मी भीत भीत का होईना, तिथंच बसायचो. त्या वेळी त्यांनी दार मुद्दाम उघडं ठेवलेलं असायचं. ते वाक्य आलं की मावशी माझ्याकडं बघायच्या, आणि मी उठून दार लोटायचो.