शून्य कुणी लावलं?

फळांच्या शीतगृहात तिला सगळे तोफ म्हणत, तेही ती पाठमोरी असताना. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बंद खोल्यांच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती, बाष्प किती, हे मोजणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं. बाष्प घटलं तर फळं सुकतात. कार्बन डायऑक्साइड वाढला तर आत गेलेला माणूस गुदमरतो. आणि आत जाणाऱ्या हमालांत तिचा नवरा होता.

आठवडाभर ती तापाने अंथरुणात होती. तेवढे दिवस यंत्र तिच्या दिराने, म्हणजे तिथल्या मुकादमाने, सांभाळलं. त्याच आठवड्यात नवरा रोज डोकं धरून घरी यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "थोरल्याला मेला कामाचाच कंटाळा!" तो ऐकून घ्यायचा. या माणसाला जीभ काय नुसती शोभेला दिलीय, असं तिला लग्नापासून वाटत आलं होतं.

कामावर येताच तिने यंत्राचं शून्य तपासायला घेतलं. त्यासाठी हवा दोन नळ्यांतून न्यायची. एकीतली पावडर बाष्प शोषते, दुसरीतली कार्बन डायऑक्साइड. उरते ती कोरी हवा, तिलाच यंत्राने शून्य म्हणायचं. मग सिलिंडरमधला, ठरावीक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड असलेला वायू यंत्रात सोडून वरचा आकडा जुळवायचा. तिने ताजी पावडर भरली, आणि यंत्राने शून्याच्याही खालचा आकडा दाखवला. कोऱ्या हवेपेक्षा कोरी हवा कुणाच्या बापाने पाहिलीय?

"शून्य कुणी लावलं?"

"मीच, वहिनी. कार्बन डायऑक्साइडची पावडर पांढरीशुभ्र होती."

"वापरून संपली की ती जांभळी होते, आणि रात्रभर पडून राहिली की परत पांढरी दिसते. किती वेळा सांगितलं, भाऊजी? खोल्यांतून झिरपलेला वायू या बोळात साचतो, संपलेल्या पावडरीने तो शोषलाच नाही आणि त्यालाच तुम्ही शून्य ठरवलंत! यंत्र रोज कमी दाखवत होतं आणि हे मुकाट आत जात होते."

"मेलं का कुणी? बाहेर गाड्या खोळंबल्यात, मालक मला फाडून खाईल. आजचा दिवस जुन्याच आकड्यावर ढकलू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ढकला ना! तुमच्या आकड्यावर तुम्हीच जा आत."

मुकादमाने खोलीच्या दाराकडे पाहिलं, पण जागचा हलला नाही. दारापाशी उभ्या नवऱ्याने हातमोजे चढवले.

"जाऊ दे गं. धाकटा आहे. मी जातो."

दिरासाठी जमवलेल्या सगळ्या शिव्या तिच्या घशातच राहिल्या. राग नवऱ्यावर उलटला.

"अहो, भावाला सांभाळा, आईला सांभाळा! आणि आत कोसळलात तर मी काय सांभाळू? हे यंत्र?"

नवऱ्याने सावकाश हातमोजे काढले आणि धाकट्यापुढे धरले.

"तू जा," तो म्हणाला.

धाकट्याने ते घेतले नाहीत.

तिने दाराला कुलूप घातलं आणि सिलिंडर उघडला. "आता वरचा आकडा लावते. घाई कुणी करायची नाही."