सोपानरावांचा चकाकता दगड

कोंडीराम पाथरवट हा चिंचवड गावठाणात जाती घडवून पोट भरणारा, स्वभावाने शांत मनुष्य. परंतु एकोणीसशे छप्पन सालच्या वैशाखात त्याच्या शांततेचा पार निकाल लागला. त्यास कारण गावातील बडे असामी सोपानराव यांचा दगड.

सोपानरावांच्या लेकीचे लग्न ठरले होते. लग्नाची हळद नव्या जात्यावर दळावी, असा या भागातील रिवाज. आणि दळताना जाते भंगले, तर तो नवरीला मोठा अपशकुन. असे असता सोपानरावांनी सावंतवाडीकडून मालमोटारीत घालून एक काळाभोर, चकाकणारा दगड आणविला.

"आपला दगुड काय, कुणाच्याबी दारात हाय," ते म्हणाले. "माझ्या लेकीचं जातं असं चमाकलं पायजे!"

"आबा, अनोळखी दगुड हाय. ऐकंल का न्हाई, कुणाला ठावं?" कोंडीराम म्हणाला.

"दगडाला कान असत्यात व्हय रं?"

कोंडीरामाने छिन्नी धरली. गावच्या नेहमीच्या काळ्या दगडावर सरळ घाव घातला की सरळ कपचा निघतो. येथे सरळ घाव घातला, तर तिरपी ढलपी उडे. तिरपा घातला, तर काडीसारख्या सळ्या सुटत. कडा गोल करावी, तो कडाच हातात येई. हळदीचा दिवस दोन दिवसांवर आला आणि कोंडीराम दगडाशी भांडू लागला.

गावाजवळ होऊ घातलेल्या कारखान्याच्या पायाचा खडक तपासावयास आलेले भूगर्भतज्ज्ञ अर्जुनराव तेथून चालले होते. त्यांनी एक ढलपी उचलून भिंगातून पाहिली.

"हे हॉर्नब्लेंड. अँफिबोल कुळातले खनिज," ते म्हणाले. "वाळूत जे सिलिका असते, त्याच्या यात दुहेरी साखळ्या असतात. त्यांना लोखंड, मॅग्नेशियम, चुन्यातले कॅल्शियम यांनी सांधलेले असते. पाण्याचाही किंचित अंश असतो. साखळी तुटत नाही, दोन साखळ्यांमधला सांधा सुटतो. म्हणून तिरपे फुटते. आपल्या दगडातल्या खनिजाची साखळी एकेरी. ते जवळजवळ काटकोनात फुटते."

"मग ही पीडा आपल्याकडं कशी न्हाई?"

"आपला दगड लाव्हा थिजून झालेला. हा जमिनीच्या पोटात दाबाखाली भाजून पालटलेला. त्यात या सळ्या एका दिशेने निजतात."

"नाव कळलं, कूळ कळलं," कोंडीराम कपाळ पुशीत म्हणाला. "आता साहेब, घाव कुठं घालू तेवढं सांगा."

"कुठेच घालू नका."

कोंडीरामाने तरीही घासून-घासून कसेबसे जाते पुरे केले. सोपानरावांच्या कारभारीण कौशल्याबाई पाहावयास आल्या. त्यांनी मूठभर गहू दळून पीठ जिभेवर ठेवले आणि लगेच थुंकून टाकले.

"हे पीठ हाय का सुया? पोरीच्या अंगाला असली हळद चोळू?"

तेव्हा कोंडीरामाने आपल्या घरचे जाते उचलून आणले व त्यास नव्याने टाकी लावली, म्हणजे छिन्नीने ठोकून त्याची गुळगुळीत झालेली तळी पुन्हा खरखरीत केली. टाकी लावली की जाते नवे, असे जुनी माणसे मानतात.

"अन् मी काय दातानं दळू?" त्याची बायको दुर्गाबाई कडाडली.

"चार दिस शेजारी जा. माझं डोकं दळू नगंस!"

हळद दळली गेली. जाते भंगले नाही. लग्नाच्या पंगतीत सोपानराव व्याह्यांना मोठ्याने सांगत होते, "कोंडीरामाला जमलं न्हाई वो! माझ्या दगडावर हळद याहून बारीक पडली असती."

कोंडीराम भरल्या पानावरून उठू लागला. शेजारी बसलेल्या अर्जुनरावांनी त्याचे मनगट धरून त्यास खाली बसविले, आणि वाढप्यास त्याच्या पानात आणखी एक लाडू वाढावयास सांगितले.