आडातला अ

आमच्या थोरल्या दाजींइतका भित्रा माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नसेल. माझ्या बहिणीचे हे यजमान लोणंदच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रस्त्यात कुत्रं दिसलं की दिसेल त्या घरात शिरून पाणी मागायचे. एसटीला घाट लागला की डोळे मिटून शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरायचे. कुंडलला आमच्याकडे आले, की भिंतीवर पाल नाही याची खात्री झाल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायचे नाहीत. अक्षराचा विषय निघाला की मात्र त्यांना कशाचं भान राहायचं नाही. माणसानं पहिलं अक्षर कसं काढलं असेल, या विचारात घास हातातच राहायचा. एकदा आमटीत बोट बुडवून त्यांनी ताटात बैलाचं डोकं काढलं, मग ते आडवं केलं, मग उलटं. "बघ, दूर देशीच्या लोकांनी बैल काढला. काढता काढता नुसत्या रेघा उरल्या, आन् त्येचं पयलं अक्षर झालं, इंग्रजीतला ए. बैल गेला, आवाज ऱ्हायला!" ताई म्हणाली, "आमटी निवली."

दुष्काळाच्या साली वडूजजवळच्या दाजींच्या गावातला जुना आड कोरडा पडला. कुणी कधी न पाहिलेले तळचे दगड उघडे झाले आणि एका दगडावर कोरीव अक्षरं दिसली. गाळ काढला तर पाणी लागेल असं सगळे म्हणत होते, पण शाप कोरलेले दगड त्या भागात लोकांनी पाहिलेले. वाचल्याशिवाय कुणी उतरेना. दाजींना बोलावणं आलं. मी तेव्हा ताईकडेच होते, म्हणून बरोबर गेले.

आडाच्या काठाशी सारा गाव जमला होता. दाजींनी आत डोकावून पाहिलं आणि मागे येऊन मटकन खाली बसले. एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन पुढं आली. "मास्तर, लेकरं तानेली हायती. काय आसंल ते वाचा, पर खरं सांगा." दाजी चप्पल काढून दोराला बांधलेल्या बाजल्यावर बसले. चौघांनी दोर सोडला.

मी काठावर पालथी पडून पाहत होते. खाली अंधारात त्यांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता, आणि त्यांचा श्वास वर ऐकू येत होता. तेवढ्यात बांधकामातली दगडाची एक चीप निसटली आणि त्यांच्या खांद्याला घासून गाळात रुतली. बायका किंचाळल्या. पाठोपाठ माती झरू लागली. "दाजी, वर या!" मी ओरडले.

"थांब गं! आजून एक अक्षर ऱ्हायलंय," खालून आवाज आला. तो कापत होता, पण हलायला तयार नव्हता.

वर आले तेव्हा सदरा खांद्यापाशी रक्तानं भिजला होता. म्हातारीनं हळूच विचारलं, "शाप हाय न्हवं?"

"न्हाई आक्का, बोटं फिरवून वाचलंय. जुन्या वळणाचा 'अ' हाय. परत परत योकच. पयला लय वाकडा, दुसरा जरा बरा. कुनीतरी गिरवत व्हतं."

मग एक गडी खोरं घेऊन बाजल्यावर बसला, त्याच्यामागून दुसरा उतरला. दिवस मावळायच्या आत गाळाखाली ओल लागली, आणि म्हातारीनं पहिलं गढूळ पाणी ओंजळीत घेऊन दाजींपुढं धरलं.

परतताना एसटीला घाट लागला. तरी दाजींचे डोळे उघडेच. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटचा 'अ' अर्धाच सुटलाय गं. काय झालं आसंल त्येला? कुनी हाक मारली, का वरनं चीप सुटली?"

मी त्यांचा हात धरला.