पलीकडचं टोक

वस्तीत त्या सुताराला सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. कपाटाचं दार सूतभर जरी तिरकं बसलं तरी हा ते उतरवून पुन्हा बसवणार, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. तीस वर्षं जमिनीवर ओणवं होऊन ठोकळ्यांवर प्लायवूड कापल्यावर कंबरेचं जे व्हायचं ते झालंच होतं. पण कंबर त्याची स्वतःची होती, तिला तो शिव्या घालून रोज उठवायचा. बायकोचा खांदा गेला तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आठ फूट बाय चार फुटांचा प्लाय एकट्याने कापता येत नाही. पलीकडचं टोक कुणीतरी धरावं लागतं. नाही धरलं, तर शेवटच्या वीतभरात सुटत आलेला तुकडा खाली लोंबतो आणि कड फाटते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बायकोने ते टोक हातात घेतलं, ते अजून सोडलं नव्हतं. कापायचं वीतभर उरलं की ती म्हणायची, “आलं.” की याने हात सैल करायचा आणि तिने वजन झेलायचं. अबोला असायचा त्या दिवसांतही हा एक शब्द त्यातून वगळलेला होता.

आता डॉक्टर म्हणाले, वजन उचललंत तर हात कायमचा जाईल. काम बंद करायचं, नाहीतर तिचा हात घालवायचा. सूतभरने तिसरी वाट काढली. तो स्वतःसाठी टेबल करायला बसला.

तीन आठवडे पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबल कंबरेच्या उंचीचं. वर सलग फळी नाही, नुसत्या आडव्या पट्ट्या. पातं त्यांना जरासं चाटून जाणार आणि कापलेले दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहणार. विजेची करवत सरळ धावावी म्हणून कडेने रूळ, एका अंगाला लाकूड आवळायचा शिकंजा, खाली हत्यारांचे खण. काम संपलं की वरचा भाग भिंतीला उभा.

“यावर जेवता येईल?” बायकोने विचारलं.

“येईल.”

“इस्त्री?”

“तीही.”

“मग लग्न कशाला केलंत? आधीच हे केलं असतंत तर बरं झालं असतं.” ती हसली, पण पुरतं नाही. “म्हणजे आता माझी सुट्टी.”

“हो. आराम कर,” तो म्हणाला. त्याला वाटलं, आपण तिला मोठं काहीतरी दिलं.

पहिला प्लाय लोण्यासारखा कापला गेला. कड मात्र शेवटी काळी पडली, करपल्यासारखी. त्याने पातं बदललं. पुन्हा काळी. रुळाला तेल दिलं, पट्ट्या काढून पुन्हा ठोकल्या. तिसऱ्यांदाही तेच. तो स्टुलावर मटकन बसला. एवढा खटाटोप करून हातात काय आलं, तर करपलेलं लाकूड. आता उठूच नये असं त्याला वाटलं.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवून तिने तिन्ही तुकडे शेजारी लावले. तिन्ही डाग एकाच जागी होते, शेवटाच्या वीतभर अलीकडे.

“इथे थांबता का तुम्ही? फिरतं पातं एका जागी राहिलं की लाकूड करपतं.”

“मी कशाला थांबू? पात्यातच खोट आहे.”

“अहो, पातं आज सकाळी बदललंत.”

तिने आणखी विचारलं नाही. दुसरं स्टूल ओढून ती पलीकडच्या टोकाशी बसली. दुखरा हात तिने मांडीवर ठेवला.

“चला.”

“धरू नकोस हं.”

“नाही धरत. कापा तुम्ही.”

करवत सुरू झाली. पुढे, पुढे, आणि वीतभर उरलं तशी मशीनच्या आवाजातून तिने नेहमीच्याच सुरात म्हटलं, “आलं.” त्याचा हात आपोआप सैल झाला, पातं न थांबता बाहेर पडलं. तुकडा पट्ट्यांवर निमूट पडून राहिला. त्याचं वजन कुणालाच झेलावं लागलं नाही. कड पांढरीस्वच्छ.

सूतभरने मशीन बंद केलं. तीस वर्षांचा शीण एकदम अंगात उतरल्यासारखा तो टेबलाला टेकून उभा राहिला. डोळ्यांत भुसा गेला नव्हता, तरी त्याने ते पुसले.

“उद्यापासून इथे येऊन बसत जा,” तो म्हणाला. “नुसती बस.”

“आणि माझी सुट्टी?”

“संपली.”

“बरं,” ती म्हणाली आणि गार झालेला चहा पुन्हा गरम करायला उठली.