पाणी नको, फोड येतील

"उजव्या हाताबद्दल मी आज काही शब्द देणार नाही. आधी बाई वाचू द्या," बुलढाण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. ते माझ्या नवऱ्याशी बोलत होते. मी समोरच पडलेली होते, चांगली शुद्धीवर होते, पण हात माझा असून मला कोणी काही विचारत नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं 'डीप बर्न'. म्हणजे नुसती वरची कातडी भाजलेली नाही, पार आतपर्यंत भाजलंय. जिथे भाजलेलं फार दुखतं तिथे नुकसान कमी असतं आणि जिथे काहीच कळत नाही तिथे जास्त, हे मला त्या दिवशी समजलं. माझी मान आणि दंड ठणकत होते. पंजा मात्र अगदी गप्प होता. गावाहून निघाल्यापासून मी मनात खूश होते, की चला, हात तरी वाचला.

सिस्टरनी हातावरचं फडकं सोडलं. खाली एरंडाचं पान, त्याखाली शेण, शेणाखाली चुना कालवलेलं तेल आणि सगळ्यात खाली निळी शाई. डॉक्टरांनी एकेक थर पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. "हे शेण कोणी लावलं?"

दाराशी वच्छाकाकू उभी होती. आमची शेजारीण. माझ्या मुलीचं आंघोळीपासून झोपेपर्यंत सगळं जिने केलं ती बाई. तिने मान खाली घातली.

"मीच लावलं," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. दोन्ही हात भाजलेली बाई स्वतःच्या हाताला शेण कसं लावेल, हे त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे! पण त्यांनी पुढे विचारलं नाही. धुवायला घेतलं. ते धुणं मी लिहीत नाही. ज्यांच्यावर वेळ आली असेल त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्यावर आली नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमचं गाव उंद्रीच्या जवळचं, आमचा भाजीपाल्याचा मळा. घर पऱ्हाट्यांच्या कुडाचं. कपाशीच्या वाळल्या काड्या उभ्या बांधून वरून माती लिंपायची की झाली भिंत, वर गवताचं छप्पर. फाल्गुनातला वारा सुटलेला होता. चुलीतला एक निखारा उडाला आणि कुडात शिरला, एवढंच निमित्त. पुरुष माणसं शेतात होती.

मुलगी झोळीत झोपली होती. तिला उचलून मी बाहेर आणली आणि वच्छाकाकूच्या हाती दिली. इथे थांबले असते तर लिहायला काही उरलं नसतं. पण मी परत आत गेले.

आत सोनं होतं का, असं लोक अजून विचारतात. सोनं कुठलं! आढ्याला टांगलेल्या वाळल्या भोपळ्यात वांग्याचं बी होतं. माझ्या सासूबाईंनी दर वर्षी निवडून निवडून जपलेलं. पंचक्रोशीत कोणाला वांगी लावायची असली की आमच्या दारी यायचा, आणि सासूबाईंनी कधी कोणाला चिमूटभर बी नाकारलं नाही. त्या गेल्यावर तो भोपळा माझ्याकडे आला. घर जळालं तर पुन्हा बांधता येतं, बी गेलं तर ते वांगं गेलं, असंच आम्हा मळेवाल्यांच्या डोक्यात असतं. मी उजवा हात वर केला, भोपळा हाताला लागला, आणि छप्पर खाली आलं.

वच्छाकाकूने मुलीला कोणाकडे तरी टाकलं, ती धुरात घुसली आणि तिने माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं. तिच्या लुगड्याचा पदर पेटला होता. हे मी का सांगतेय ते पुढे कळेल.

मग सगळं गाव धावलं. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागली. बायका, म्हातारी माणसं, ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं तेही. बादल्या, घागरी, तपेली हातोहात येत होती. मी रांगेच्या कडेला निंबाखाली पडले होते आणि एकच विनवणी करत होते, माझा हात पाण्यात बुडवू द्या. भरलेल्या घागरी माझ्या डोळ्यांदेखत पुढे जात होत्या.

"पानी नको वं बाई, फोड येतीन," प्रत्येक जण म्हणत होता.

आमच्याकडे तेव्हा सगळ्यांचा तसाच समज होता. भाजल्यावर पाणी लागलं की फोड येतात, फोड आला की जखम चिघळते. मग ज्याच्या घरी जे औषध म्हणून ठाऊक होतं ते तो घेऊन आला. मास्तरांनी शाईची दौत आणून ओतली. कोणी चुना आणि तेल. शेवटी वच्छाकाकूने ताजं शेण थापलं, वर पान ठेवलं, आपलं जुनं लुगडं फाडून बांधलं. बांधताना ती रडत होती. मी ओरडत होते, पण मला धरायला सहा हात होते. इतक्या मायेने धरलं होतं की हलायची सोय नव्हती. घर विझलं नाहीच.

बैलगाडीने उंद्री, तिथून सरकीच्या ट्रकने चिखली, चिखलीहून बस. बुलढाण्याला पोहोचेपर्यंत हात त्या फडक्यात शिजत होता.

दवाखान्यातले दिवस ड्रेसिंगवर मोजायचे असतात. ड्रेसिंग म्हणजे जुनी पट्टी काढून जखम साफ करून नवी बांधणं. ऐकायला सोपं वाटतं. सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज वऱ्हांड्याच्या टोकाला ऐकू आला की मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. डावा हात लवकर सुधारत होता, पण तोही बांधलेलाच. नाकावर माशी बसली तर कोणाला तरी सांगावं लागायचं. तहान लागली, सांगा. कूस बदलायची, सांगा. बाहेर जायचं, तेही सांगा. घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी भाकरी उलटत नसे, आणि इथे मी माझ्या डोक्यातली ऊ मारू शकत नव्हते. मला इतका राग यायचा की मी नवऱ्यावर, सिस्टरवर, छतावरच्या पंख्यावर चिडायची. मग रडायची. मग डोळे पुसायलाही कोणीतरी लागायचं.

आणि भेटायला येणारे! बाजाराच्या दिवशी बस भरभरून यायचे. न येणं म्हणजे आमच्याकडे माणुसकी सोडणं. प्रत्येक जण काही ना काही घेऊन यायचा, आणि मला धीर द्यायला आलेली प्रत्येक बाई कोणीतरी भाजून मेल्याची गोष्टही आणायची. "माह्या मामेसासूचं असंच झालं होतं वं, बोलत बोलत गेली बिचारी." हे सांगून माझ्या पट्टीवरून हात फिरवायचा, आणि पुढची बाई पुढे सरकायची. अखेर डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मग गावकरी खिडकीच्या गजांबाहेर उभे राहू लागले. नुसते बघत. त्यांना काय करावं कळत नव्हतं आणि मलाही. आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

वच्छाकाकू तेवढी आत होती. विधवा बाई, घरी मुलगा-सून, त्यांना सांगून ती माझ्याजवळ राहिली. माझी वेणी घालायची, भाकरी कुस्करून भरवायची. "तोंड उघड वं सुमन, चिमनीवानी काय खाते?"

मग ताप चढला. पट्टीला वास येऊ लागला. डॉक्टरांनी 'इन्फेक्शन' हा शब्द वापरला. म्हणजे जखमेत जंतू शिरून ती आतून सडणं. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती, तरी बोटांचा रंग मला पट्टीच्या फटीतून दिसत होता. एका सकाळी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. बसले तेव्हाच मी ओळखलं.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागेल. थांबलो तर पूर्ण पंजा जाईल."

"भाजलंच तितकं होतं का?" मी विचारलं.

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. "नुसतं भाजलं असतं तर कदाचित पाचही बोटं राहिली असती. शेणातून जंतू गेले. लगेच गार पाणी घालून स्वच्छ कापडात आणलं असतं, तर..."

मी घाईने दाराकडे पाहिलं. वच्छाकाकू पाणी आणायला गेली होती. थोड्या वेळाने तांब्या घेऊन आली, तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. बरं झालं, मी मनात म्हटलं, तिने ऐकलं नाही. ज्या बाईने मला आगीतून ओढलं तिलाच हे कळून काय मिळणार होतं? नवऱ्यालाही मी सांगितलं नाही.

बोटं काढली. नंतर मांडीची कातडी काढून हातावर लावली, त्याला 'स्किन ग्राफ्टिंग' म्हणतात. हाताच्या जखमेपेक्षा मांडीची जखम जास्त छळते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. आणि उरलेली बोटं रोज रडत रडत का होईना, हलवायचीच. न हलवल्यास नवी कातडी आखडून बोटं तळव्याला चिकटतात. त्याला डॉक्टर 'कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. लिहायला तीन बोटं पुरतात, हे तुम्ही पाहताच आहात. भाकरी थापायला मात्र मला पुन्हा शिकावं लागलं.

त्या दिवसांत एक बदल झाला होता, पण माझं तिकडे नीट लक्ष गेलं नाही. वच्छाकाकू मला चमच्याने भरवू लागली. आयुष्यात कधी चमचा धरला नव्हता तिने. वरण निम्मं माझ्या गळ्यावर सांडायचं. मी खेकसायची, "हातानं भरव ना काकू." ती म्हणायची, "डाक्तरचा कायदा हाय." आणि पट्टीजवळ तर ती येईनाशीच झाली. सिस्टर बांधायला आल्या की बाहेर जाऊन उभी राहायची.

गावी परतले तेव्हा आमच्या जागेवर घर उभं होतं. कोणी छपराला लाकडाच्या बल्ल्या दिल्या होत्या, कोणी पऱ्हाट्या, लिंपण बायकांनी मिळून केलं होतं. चुलीपासची भिंत या वेळी विटांची होती. मी आत पाऊल टाकलं आणि चूल पाहून तशीच बाहेर आले. कितीतरी दिवस माझ्या घरचा स्वयंपाक शेजारी शिजला. आढ्याला नवा भोपळा टांगलेला होता. सासूबाईंनी कधी काळी ज्यांना बी दिलं होतं, त्यांनी आपापल्या वांग्यांतलं चिमूट चिमूट बी आणून त्यात टाकलं होतं. मी ते पाहून हमसून हमसून रडले. उपकार फेडायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि दोन बोटांबद्दल कोणाला विचारायची सोयही नव्हती. दोन्ही त्याच हातांनी झालेलं.

पुढच्या हिवाळ्यात वच्छाकाकूच्या नातवाने उकळत्या वरणात हात घातला. किंकाळी ऐकून मी धावले, गल्ली माझ्या आधीच पोहोचली होती. कोणाच्या हातात तेल, कोणाच्या हातात शेण. वच्छाकाकूने पोराला अंगणातल्या दगडावर बसवलं होतं आणि त्याच्या हातावर घागर धरली होती. धार थांबत नव्हती.

"काकू, पानी नको! फोड येतीन!" सगळे ओरडत होते. एक बाई शेण घेऊन पुढे झाली, तिला काकूने कोपराने ढकललं.

"येऊ द्या फोड," ती म्हणाली. "फोड बरे होतात. बोटं पुन्हा येत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घागर संपत आली होती. मी घरात पळाले, माझी भरलेली घागर डाव्या हाताने उचलली, उजव्याची तीन बोटं खाली लावली आणि तिला नेऊन दिली. मग आणखी कोणीतरी विहिरीकडे धावलं. पोराला फोड आले, आणि बरेही झाले.

संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"डॉक्टर बोटांचं बोलले त्या दिवशी दाराआड होतीस ना?" मी विचारलं.

"हाव."

"मंग काऊन नाही बोलली इतके दिवस?"

"तू डाक्तरले 'मीच लावलं' म्हनली. म्या काय बोलू मंग?" तिने हात पदरात गुंडाळून घेतले होते. थंडी तर तितकी नव्हती.

चूल आता मीच पेटवत होते, भाजी उतरवलेली होती, त्याच बियांच्या वांग्यांची. मी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. माझे हात मांडीवरच ठेवले.

"भरव," मी म्हटलं. "चमचा नको. हातानं भरव."

तिने पदरातून हात काढले, आधी तांब्यातल्या पाण्याने धुतले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.