दौलतरावांचे दोन घास

दौलतरावांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासले. लॉटमधून दोन नग उचलायचे, मापायचे आणि त्यावरून अख्ख्या लॉटवर शिक्का मारायचा. शितावरून भाताची परीक्षा, हे त्यांचं पेटंट वाक्य. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि रहाटणीच्या घरात त्यांनी तपासणी सुरू केली ती थेट स्वयंपाकघरातून. पोळीची जाडी, चहाचा रंग, डाळीतलं मीठ. चार महिन्यांत बायकोच्या, विमलबाईंच्या, नाकी नऊ आले.

मार्गही विमलबाईंनीच काढला. त्यांच्या भाचीची मैत्रीण पूनम भागातलं एक साप्ताहिक चालवायची. ह्यांना खाण्यातलं कळतं आणि कळलेलं पोटात राहत नाही, तेव्हा यांच्याकडून लिहून घे, असं त्यांनी तिला सांगितलं. पूनमनं महिनाभराचं काम दिलं: चाकण-पिंपरीच्या आसपासच्या तीस घरांत जेवायचं आणि दर आठवड्याला पानभर लिहायचं. महिना रंगला, तर सदर कायमचं.

दौलतराव हरखले. निवृत्त माणसाला रस्त्यात भेटेल तो विचारतो, सध्या काय करता? त्यांना या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि फार हवं होतं. मार्च महिनाभर ते दुचाकीवरून गावंच्या गावं पालथी घालत होते. दापोडीच्या रुळांलगतच्या गल्लीत सुक्या बोंबलाचं कालवण, मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या लातूरच्या पोरींच्या हातची येसर आमटी, मावळात वाफाळता इंद्रायणी भात. एका दिवसात कधी दोन घरं, कधी तीन. पण जन्माची सवय जाते कुठे? प्रत्येक ताटातले दोन घास घ्यायचे, वहीत टिपायचे आणि उठायचं. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला साखर असेल. म्हणून कोणी बोललं नाही.

बोलल्या त्या भागूबाई. चाकणच्या पलीकडच्या एका वाडीत त्यांचा मळा. मुलगा ज्ञानेश पूर्वी दौलतरावांच्याच हाताखाली काम करायचा आणि आजही त्याच कंपनीत शिफ्टला जातो. आईच्या हातची मासवडी म्हणजे काय चीज आहे, हे त्यानंच सांगितलं होतं. नावात मास, पण कारभार सगळा शाकाहारी. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून गुंडाळायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढायच्या. अर्धा दिवस मोडतो. महिन्याच्या शेवटच्या लेखात मासवडी येणार, असं पूनमनं आधीच छापून टाकलं होतं.

दौलतराव गेले, दोन घास घेतले, 'सारण उत्तम, रस्सा किंचित तिखट' असं लिहिलं आणि उठले. भागूबाईंनी भरलं ताट उचललं आणि सरळ गोठ्यात गाईपुढं नेऊन ठेवलं. संध्याकाळी ज्ञानेशचा फोन आला. आवाज अगदी बारीक. आईनं सांगितलंय, पेपरात तिचं नाव घालायचं नाही आणि तिच्या मासवडीचंही नाही.

अंकाला तीन दिवस उरलेले. दौलतरावांच्या पायाखालची वाळू सरकली. दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन वाडीवर हजर. माझी तपासण्याची पद्धतच तशी, शितावरून भाताची परीक्षा, असं काहीबाही सांगू लागले. भागूबाईंनी ऐकून घेतलं.

"परीक्षा हुती वो शितावरनं. पोट भरतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "पेढे न्या माघारी. उद्या सातला कांदा काढायला या. न्याहारी न करता."

एकतीस वर्षांत कोणत्याही साहेबानं त्यांना असा हुकूम दिला नव्हता. तरी ते गेले. रहाटणीची वडिलोपार्जित जमीन इमारतींखाली गेल्याला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या हाताला माती लागली होती ती फक्त कुंडीतली. बायकांच्या ओळीत बसून ते कांदे उपटू लागले, पात कापू लागले. तासाभरात कंबर बोलायला लागली. बायका हसत होत्या, साहेब, पात कापायची हाय, बोटं न्हाईत. मात्र जोड कांदा आणि फुलाचा दांडा आलेला डेंगळा कांदा वेगळा काढायची वेळ आली, तेव्हा दौलतरावांचा डोळा असा चालला की भागूबाईंनीही दोनदा वळून पाहिलं.

बारा वाजता बांधावर फडकी सुटली. बाजरीची भाकरी, कोरडा झुणका, बुक्कीनं फोडलेला कांदा. दौलतरावांना भूक लागली होती. अशी खणखणीत भूक महिनाभरात एकदाही लागली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. वही दुचाकीच्या डिकीत होती आणि तिची त्यांना आठवणही झाली नाही. दौलतरावांनी पुसून काढलेल्या ताटाकडं भागूबाईंनी पाहिलं.

"आयतवारी मासवडी करते," त्या म्हणाल्या. "मालकिणीलाबी आणा."

पण अंकाचा मजकूर द्यायचा होता शुक्रवारी. दौलतराव रात्र पडायच्या आत लिहायला बसले आणि जे घडलं ते सगळं लिहिलं: दोन घास, गोठ्यातलं ताट, कांदा, तीन भाकरी. बाईंचं नाव घातलं नाही. वाचून पूनमचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, काका, यात मासवडी कुठंय?

"ती मी अजून खाल्लीच नाही," दौलतराव म्हणाले. "खरं सांगायचं तर तीसपैकी एकाही घरी मी जेवलेलो नाही."

सदर गेलं, असं समजून दौलतरावांनी मनातल्या मनात त्यावर पाणी सोडलं. मग पूनम हसायला लागली, आणि हसणं आवरल्यावर तिनं सांगितलं, की हे असंच छापते, आणि सदर उद्यापासून तुमचं. पण आधी उरलेल्या एकोणतीस घरी परत जायचं, माफी मागायची आणि पोटभर जेवायचं.

रविवारी वाडीवर पंगत बसली. विमलबाई नवऱ्याच्या ताटाकडं डोळे विस्फारून पाहत होत्या. नवरा मीठ-तिखटाविषयी अवाक्षर न काढता पाचवी वडी मोडत होता. ज्ञानेशनं शनिवारचा अंक आईला वाचून दाखवला होता. रस्सा वाढता वाढता भागूबाई थांबल्या.

"आता घाला नाव," त्या म्हणाल्या. "पर भागूबाईनं मासवडी करून घातली, एवढंच नगा लिवू. तुमी आमच्यासंगं कांदा काढला, त्ये आधी लिवा. शेतकऱ्याचं लेकरू हाय, हाताला कळतंय."

चाळीस वर्षांत दौलतरावांना असं कोणी म्हटलं नव्हतं. हो, आधी तेच लिहितो, असं ते म्हणाले. त्यांनी वाटी पुढं केली.